सोनं कोणत्या रंगाचं घ्यावं? पहिल्यांदा दागिना घेणाऱ्यांसाठी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो: "पिवळ्यात दाखवू, रोजमध्ये दाखवू, की व्हाइटमध्ये?" पहिल्यांदाच स्वतःच्या पगारातून दागिना घ्यायला आलेली मुलगी इथे अडखळते. आई म्हणते पिवळंच घे, मैत्रीण म्हणते रोज गोल्ड, म्हणजे गुलाबी सोनं, तुझ्या हातावर खुलेल, आणि काउंटरवरचा माणूस तिन्ही ट्रे पुढ्यात मांडून मोकळा होतो.

माझं सासर सोनारकाम करणाऱ्यांचं. सासऱ्यांच्या भट्टीशेजारी बसून सोन्याचा रंग कसा घडतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कुणी मला विचारलं की "वहिनी, कोणता रंग घेऊ?", तर मी आधी रंगाबद्दल बोलतच नाही. त्या सोन्यात काय मिसळलंय ते आधी समजून घे, असं सांगते. ते कळलं की तो दागिना किती वर्षं तसाच दिसेल, अंगाला सोसेल का आणि पुढे मोडायची वेळ आली तर हातात काय येईल, हे सगळं आपोआप उलगडतं.

पायरी १ : हीण समजून घ्या

चोख सोनं, म्हणजे २४ कॅरेट, एकाच रंगाचं असतं. गडद पिवळं. ते इतकं मऊ असतं की रोज वापरायची अंगठी त्याची केली तर महिनाभरात वाकडी होईल. म्हणून त्यात दुसरे धातू घालतात. त्यालाच आपल्याकडे हीण म्हणतात. "हीणकस" या शब्दामुळे हीण म्हणजे फसवणूक असं नव्या माणसाला वाटतं, पण ठरलेल्या प्रमाणात आणि सांगून घातलेलं हीण ही दागिन्याची गरज आहे.

सासरे १० ग्रॅम चोख सोनं मुशीत घालायचे. २२ कॅरेट करायचं असेल तर त्यात साधारण ९१७ मिलिग्रॅम हीण पडायचं, म्हणजे एक ग्रॅमलाही थोडं कमीच. त्याच १० ग्रॅमचं १८ कॅरेट करायचं तर हीण सव्वातीन ग्रॅमच्याही वर जातं. टाकणखार घालून ज्योत लावली की मूस लालभडक होते, सोनं हजार अंशांच्या पुढे जाऊन वितळतं आणि मधोमध एक थरथरता गोळा तयार होतो. ओतल्यावर ती लगड काळपट दिसते. आम्लाच्या पाण्यात उजळून काढली की मगच खरा रंग समोर येतो. हिणात तांबं जास्त असेल तर लगड लालसर निघते, चांदी जास्त असेल तर फिकट, अगदी किंचित हिरवट झाक असलेली पिवळी. दोन्हींचं प्रमाण जमलं की आपल्या ओळखीचा तो उबदार पिवळा.

यातून एक गोष्ट मनात पक्की करा. २४ कॅरेटचं गुलाबी किंवा पांढरं सोनं नसतं. ९१६चा, म्हणजे २२ कॅरेटचा, पांढरा दागिनाही नसतो, कारण उरलेल्या ८.४ टक्क्यांत सोन्याचा पिवळेपणा झाकण्याएवढा दुसरा धातू मावतच नाही. ते ८.४ टक्के सगळं तांबंच घातलं तरी रंग लालसर पिवळा होईल, गुलाबी होणार नाही. गुलाबी आणि पांढरं सोनं मिळतं ते मुख्यतः १८ आणि १४ कॅरेटमध्ये. कुणी "९१६मध्ये व्हाइट गोल्ड" म्हणत असेल तर दागिना ट्रेमध्ये परत ठेवा.

पायरी २ : तिन्ही रंगांची ओळख

पिवळ्याबद्दल खान्देशात फार सांगायला नको. पोत, पाटल्या, टिक, मोहनमाळ हे सगळं आपण पिवळ्यातच पाहत आलो. २२ कॅरेट पिवळ्याला रंगाची देखभाल जवळजवळ नाही. झिजला तरी आतून पिवळाच असतो, काळवंडला तर धुतला की झालं. शिवाय मोडीला सगळ्यात सोपा. तो मऊ मात्र असतो. ज्या दागिन्यात खडे दातांनी धरून ठेवायचे असतात तिथे २२ कॅरेटचे बारीक दात हळूहळू उघडतात आणि खडा निसटतो. म्हणून हिऱ्याचे दागिने १८ किंवा १४ कॅरेटमध्ये घडवतात. पिवळा रंग हवा आणि हिराही हवा असेल तर १८ कॅरेट पिवळं घ्या. ते २२च्या मानाने जरा फिकं दिसतं, पण एकटं घातलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

गुलाबी सोनं, म्हणजे रोज गोल्ड, हा तांब्याचा महिमा. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं, उरलेल्यात तांब्याचा मोठा वाटा आणि थोडी चांदी. हा रंग आरपार असतो, वरून चढवलेला नसतो, त्यामुळे झिजून उडत नाही. तांब्यामुळे ते चांगलं कणखरही असतं. फक्त तांबं घाम आणि हवेने काळवंडतं हे आपण देवघरातल्या तांब्याच्या कलशावर रोज पाहतो. सोनं बरोबर असल्यामुळे इथे ते पुष्कळ कमी होतं, पण वर्षा-दोन वर्षांत रंग जरा गडद, तपकिरीकडे झुकलेला वाटू शकतो. पॉलिश केलं की परत येतो. १८पेक्षा १४ कॅरेटमध्ये तांबं जास्त, म्हणून गुलाबीपणाही जास्त आणि काळवंडणंही जास्त.

पांढऱ्या सोन्यावर मात्र मी थांबून बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नाराजी इथेच होते. आपल्या भागात पांढरं सोनं म्हटलं की म्हातारी माणसं कापूस समजतात. पारोळ्याकडची आमची एक आजी भाचीच्या बोटातली व्हाइट गोल्डची अंगठी निरखून म्हणाली, "हाई सोनं शे का चांदी?" आजींचा प्रश्न रास्त होता. व्हाइट गोल्डमध्येही १८ कॅरेटला ७५ टक्के सोनंच असतं. पॅलेडियम किंवा निकेल मिसळून त्याचा पिवळेपणा मारलेला असतो. तरी तो पूर्ण जात नाही. मूळ रंग करडा, किंचित पिवळट राहतो. दुकानातला तो आरशासारखा शुभ्र चमकदार रंग असतो रोडियम नावाच्या धातूच्या पातळ मुलाम्याचा.

हे आम्हाला घरात सोनार असूनही उशिरा कळलं, कारण सासरे जुन्या पद्धतीचं पिवळं कामच करायचे. माझ्या धाकट्या जावेने साखरपुड्याला व्हाइट गोल्डची अंगठी घेतली. दीड वर्षाने तळहाताच्या बाजूने ती पिवळट दिसू लागली. बिचारी रडकुंडीला आली, फसवलं म्हणाली. अंगठी कसून पाहिली तर सोनं अगदी बरोबर होतं, फक्त मुलामा झिजला होता. विकताना त्या दुकानात कुणीही "हा मुलामा आहे, तो पुन्हा चढवावा लागेल" एवढं एक वाक्य बोललं नव्हतं. याचा मला आजही राग आहे. अंगठी रोज घातली तर साधारण वर्षा-दोन वर्षांनी रोडियम पुन्हा करावं लागतं. कानातले किंवा पेंडंट घासलं जात नाही, तिथे तेच रोडियम कितीतरी जास्त टिकतं. म्हणून व्हाइट गोल्डची हौस असेल तर पहिल्यांदा कानातल्यात करा, अंगठीत नको.

निकेलचा प्रश्न वेगळा. काहींना निकेल सोसत नाही, कानाच्या पाळीला खाज सुटते, पुरळ येतं. खोट्या दागिन्यांनी तुमचे कान चिडत असतील तर सराफाला सरळ विचारा, "यात निकेल आहे की पॅलेडियम?" उत्तर देता आलं नाही तर तो दागिना सोडा. पांढराच रंग हवा आणि मुलाम्याची कटकट नको असेल तर प्लॅटिनमकडे पाहा. त्यावर पीटी ९५० असा छाप असतो, म्हणजे ९५ टक्के प्लॅटिनम. ते मुळातच पांढरं. त्याच मापाची अंगठी सोन्यापेक्षा जड भरते, आणि मोडताना सगळे सराफ ते उत्साहाने घेत नाहीत, हेही आधी विचारून ठेवा.

पायरी ३ : दागिना कुठे आणि कसा वापरणार ते ठरवा

भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. एप्रिल-मे मध्ये गळ्यातली साखळी दिवसभर घामात भिजलेली असते. म्हणून रोजच्या वापराच्या गळ्यातल्या दागिन्याला मी १४ कॅरेट रोज गोल्ड सुचवत नाही. १८ कॅरेट चालेल, रात्री ओल्या फडक्याने पुसून ठेवायची सवय असेल तर. शेतात हात घालणाऱ्या बायकांना तर मी पिवळ्या २२ कॅरेटशिवाय दुसरं सांगतच नाही. केळीचा चीक नक्षीत अडकून काळा पडतो, फवारणीचं गंधक हिणातल्या चांदी-तांब्याला लागतं. हीण जितकं कमी तितकं हे दुखणं कमी. रावेर-यावलकडच्या बायका शेतात जाताना पाटल्या उतरवून साध्या काचेच्या बांगड्या घालतात, ते फार शहाणपणाचं.

ऑफिसात बसून काम असेल, पुण्या-नाशिकला नोकरी असेल, तर नाजूक १८ कॅरेटचं काहीही शोभतं. छोट्या मंगळसूत्रात रोज गोल्ड आणि काळे मणी हा मेळ खरंच सुंदर दिसतो. लग्नातल्या मोठ्या पोतीबद्दल मात्र माझं मत जुनंच आहे: वाट्या २२ कॅरेट पिवळ्याच असाव्यात. त्या पुढे लेकीला जायच्या असतात, त्यांचा रंग तिच्या आजीच्या सोन्याशी जुळायला हवा.

फिनेल, ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याचं आम्ल यांच्याजवळ कोणताही दागिना नेऊ नका. क्लोरीन व्हाइट गोल्डच्या बारीक दातांना ठिसूळ करतं आणि खडा कधी पडला ते कळतही नाही.

पायरी ४ : दुकानाच्या दिव्याखाली रंग ठरवू नका

ही पायरी बहुतेक जण गाळतात. दुकानातले दिवे मुद्दाम उबदार पिवळे लावलेले असतात. त्याखाली १८ कॅरेटही २२सारखं झळकतं आणि रोज गोल्डचा गुलाबीपणा दुप्पट वाटतो. हिऱ्याच्या काउंटरवर उलट, पांढरे दिवे. म्हणून दोन-तीन दागिने निवडले की सराफाला विचारून, त्यांचा माणूस बरोबर घेऊन, दाराशी उजेडात या. ऊन थेट नको, सावलीतला दिवसाचा उजेड हवा. संध्याकाळी सात वाजता रंग निवडायला जाऊच नये, सकाळी अकराला जावं. तेव्हा गर्दीही कमी असते.

उजेडात आल्यावर मनगट उलटं करा आणि आतल्या बाजूला, जिथे शिरा दिसतात तिथे, पिवळी आणि गुलाबी साखळी शेजारी शेजारी ठेवा. एक साखळी कातडीत मिसळून गेल्यासारखी वाटते, दुसरी उठून दिसते. तुम्हाला दागिना मिसळलेला हवा की उठावदार, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. सावळ्या रंगाला अमुक शोभतं, गोऱ्याला तमुक, असले तक्ते पुष्कळ फिरतात. मी त्यांना फार मानत नाही. सावळ्या हातावर २२ कॅरेटच्या पाटल्या जशा तेजाळतात तशा कुठे दिसत नाहीत, आणि त्याच हातावर गुलाबी अंगठीही मऊ, देखणी दिसते. गव्हाळ रंगाला तिन्ही चालतात. रोज गोल्ड खूप गोऱ्या, लालसर हातावर कधी कधी हरवून जातं, एवढा एक अनुभव सांगते.

तिसरी गोष्ट: घरातून निघताना रोजच्या वापरातला एक जुना दागिना घालून जा. नवीन साखळी त्याच्या शेजारी धरा. आईच्या काळातल्या सोन्यावर लालसर झाक असते, काही ठिकाणी वरून केशरी पॉलिशही केलेलं असतं. आजचं यंत्रावरचं सोनं लिंबाच्या रंगाकडे झुकलेलं असू शकतं. दोन्ही ९१६ असूनही रंग वेगळे दिसतात, कारण हिणातलं तांबं-चांदीचं प्रमाण वेगळं. यात खोट कुणाचीच नाही. जोडी जुळवायची असेल तर सराफाला तसं सांगा, घडवून घ्यायचा दागिना असेल तर कारागीर लालसर किंवा फिकट करून देऊ शकतो.

पायरी ५ : खडा आणि रंग

हिरा अगदी शुभ्र असेल तर पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये त्याचा शुभ्रपणा दिसतो. किंचित पिवळट हिरा, जो स्वस्त पडतो, तो पिवळ्या किंवा गुलाबी सोन्यात बसवला की पिवळटपणा लपतो. यात बरेच पैसे वाचतात. माणिक आणि पाचू पिवळ्यातच खुलतात. मोत्यांची नथ पांढऱ्या सोन्यात करू नका, मोती निस्तेज दिसतात.

पायरी ६ : भाव, वजन आणि मोड

रंग निवडला म्हणजे कॅरेट निवडलं, आणि कॅरेट निवडलं म्हणजे पैसे. १० ग्रॅमच्या २२ कॅरेट दागिन्यात ९.१६ ग्रॅम सोनं असतं, १८ कॅरेटमध्ये ७.५ ग्रॅम, १४ कॅरेटमध्ये ५.८५ ग्रॅम. भाव त्याच प्रमाणात कमी लागला पाहिजे. १८ कॅरेटच्या दागिन्याला २२चा भाव लावला जात नाही ना, हे बिलावर बघा.

आणखी एक बारकावा आहे. सोनं हिणापेक्षा जड असतं. एकाच साच्यातली साखळी २२ कॅरेटमध्ये १० ग्रॅम भरत असेल तर १८ कॅरेटमध्ये पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणून १८ कॅरेटचा दागिना हाताला हलका लागला तर घाबरू नका. पण हिशोब करताना लक्षात ठेवा की त्या पावणेनऊ ग्रॅममध्ये निव्वळ सोनं साडेसहा ग्रॅमच आहे.

मोडीला नेल्यावर निव्वळ सोन्याचेच पैसे मिळतात. घडणावळ गेली, रोडियम गेलं, खड्यांचं वजन वजा झालं. गुलाबी आणि पांढऱ्या दागिन्यांची घडणावळ बहुधा जास्त असते, म्हणून मोडीतली तूटही जास्त बसते. कापूस विकून आलेल्या पैशाचं सोनं घेऊन ते पुढच्या पेरणीला किंवा लेकीच्या फीला मोडायचं, असं ज्या घरांत चालतं, त्यांनी २२ कॅरेट पिवळंच घ्यावं, तेही कमीत कमी नक्षीचं. हौसेचा दागिना वेगळा, अडीअडचणीचं सोनं वेगळं. दोन्ही एकाच दागिन्यात बघायला गेलात तर दोन्हीकडून मन मोडेल.

पायरी ७ : छाप बघा

सराफाकडे भिंग मागा आणि दागिन्याच्या आतल्या बाजूला तीन खुणा शोधा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. या छापालाच हॉलमार्क म्हणतात. शुद्धतेत २२ कॅरेटला ९१६, १८ला ७५०, १४ला ५८५ लिहिलेलं असतं. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी असणं बंधनकारक आहे. २ ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्याला यातून सूट आहे, त्यामुळे नाकातल्या चमकीवर छाप नसेल तर लगेच संशय घेऊ नका. मोबाइलवर बीआयएस केअर अॅप घ्या, तो क्रमांक टाका आणि दुकानात उभं राहूनच बघा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. क्रमांक अंगठीचा म्हणून निघाला आणि हातात कानातले असतील, तर तिथेच विचारा.

रोज गोल्ड घेताना हे जास्तच गरजेचं. चांदीवर गुलाबी मुलामा दिलेले दागिनेही "रोज गोल्ड" म्हणूनच विकले जातात. त्यावर ९२५ असा आकडा असतो, ती चांदी. हौसेला घ्यायला हरकत नाही, फक्त चांदीच्या भावात घ्या.

जुनी मंडळी अजून "केडीएम आहे का?" असं विचारतात. ती दागिन्याचे तुकडे जोडायची कॅडमियमची झाळ असायची. तिचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांचं वाटोळं करतो, म्हणून ती बंद झाली. आता तो शब्द विसरा आणि हॉलमार्क विचारा.

घरी आणल्यावर

कोमट पाण्यात दोन थेंब साधा साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि मऊ फडक्याने कोरडं करणं, तिन्ही रंगांना एवढं पुरतं. टूथपेस्टने घासू नका, त्याने रोडियम लवकर उडतं आणि पिवळ्यावर बारीक ओरखडे येतात. रोज गोल्ड चांदीच्या दागिन्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, प्रत्येकाला वेगळी मऊ पिशवी द्या. भाकरी थापताना अंगठी काढून ठेवायची जागा ठरलेली असू द्या. आमच्याकडे ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी एक वाटी फक्त त्यासाठीच असते.

व्हाइट गोल्ड घेतलं असेल तर बिल घेतानाच दोन गोष्टी त्यावर लिहून मागा: रोडियम पुन्हा करायला किती लागतील, आणि मोडताना किती टक्के कापणार. बिलाचा आणि एचयूआयडीचा फोटो काढून नवऱ्याला किंवा आईला पाठवून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी कागद शोधत कपाट उपसायला नको.

जावेची ती अंगठी आम्ही पुन्हा रोडियम करून घेतली. आता ती फक्त सणावाराला घालते. रोजच्याला तिने १८ कॅरेट गुलाबी घेतली आहे, दाराशी उजेडात उभं राहून निवडलेली.